नमुन्याची ओळ

दादा टॅक्सीतून उतरला तो छातीशी काचेची चौकट कवटाळूनच. मागून वहिनी उतरली. तिच्या एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात दादाची छत्री, आणि तिसरा हात असता तर त्यात दादाचा चष्माही आला असता. "सांभाळून, सांभाळून!" दादा ओरडत होता. कुणी कुणाला सांभाळायचं ते कळायला मार्ग नव्हता, कारण रविवारच्या दुपारी त्या गल्लीत कुत्रंसुद्धा जागं नव्हतं.

मधली बहीण कारखान्याच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत दगडाच्या भुकटीनं पांढरी झालेली. कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. खाली एक लांबट खोली, भिंतींना टेकून ठेवलेल्या शिळा, मधोमध जाडजूड लाकडी ओटा, आणि वर जिन्याने गेलं की राहायच्या दोन खोल्या. आजोबांनी इथं पहिली पाटी कोरली, बाबांनी चाळीस वर्षं शहरभरची नावं कोरली, आणि बाबा जाऊन आता आठ महिने झाले होते. बाबांच्या कपाटाच्या वाटणीवरून मागे जे रामायण झालं होतं त्यानंतर दादानं या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. आज तो हसत आला, तेव्हाच मधली सावध झाली. दादा हसत आला की कुणाचं तरी काहीतरी जातं, हा लहानपणापासूनचा अनुभव.

"हात धुऊन ये आधी," तो तिला म्हणाला. "याला धुळीचा हात लागता कामा नये."

"काय आहे ते?"

"सगळे जमू देत. एकदाच सांगणार."

आत सगळे जमलेलेच होते. आई तिच्या नेहमीच्या स्टुलावर, चष्मा कपाळावर चढवलेला. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, बिस्किटांच्या डब्याच्या हाताशी. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, कोणत्या ते आजवर कुणाला कळलेलं नाही, सोयीनुसार बदलतो. आणि खिडकीपाशी धाकटा, घरं-जागांचा एजंट, मोबाईलवर बोटं चालवत. त्याच्या कातडी बॅगेत एक कागद होता. तो कागद काय आहे हे मधलीला माहीत होतं, कारण धाकट्याने सकाळी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. "ताई, तुला धक्का बसायला नको म्हणून आधीच सांगतो. कारखाना विकायचा. गिऱ्हाईक तयार आहे. आईची सही झाली की झालं." धक्का बसू नये म्हणून माणसाला आधी सांगून जिन्यावरून ढकलायचं, अशातलाच प्रकार.

दादाने चौकट ओट्यावर ठेवली. ओटा डुगडुगला. त्याचा एक पाय पहिल्यापासून आखूड. खाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय तो कधी स्थिर राहिलेला नाही. मधलीने सवयीने पाय लावून तो दाबून धरला.

"महानगरपालिकेकडून पत्र आलंय," दादा म्हणाला आणि थांबला. दादा आपल्या सोसायटीचा अध्यक्ष, ज्येष्ठ नागरिक मंडळाचा अध्यक्ष, पार्किंग समितीचा अध्यक्ष. टाळ्यांसाठी कुठं थांबायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. टाळ्या आल्या नाहीत तेव्हा त्याने वाचायला घेतलं.

"'महोदय, नव्या ग्रंथालयासमोर उभारण्यात येणाऱ्या नामवंतांच्या भिंतीसाठी आपल्या नावाची एकमताने शिफारस झाली आहे, हे कळवण्यास आनंद होतो. नदीपुलावरील शिळा पाहून समिती अत्यंत प्रभावित झाली. तरी आपण नमुन्यादाखल एक ओळ या महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कार्यालयात पोचती करावी.' बास! बाबा नामवंत झाले! शहरातल्या शंभर थोर माणसांत आपले बाबा!"

मग वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला, टॅक्सीत ठरल्याप्रमाणे.

"नमुना तर तो होताच," आई म्हणाली. "त्यासाठी पालिकेची शिफारस कशाला?"

"आई, चेष्टा नको. नमुन्यादाखल ओळ म्हणजे बाबांच्या नावाखाली जी ओळ येणार ना, ती आपण सुचवायची. थोर कोण, कशासाठी थोर, असं."

मधलीच्या कानात मात्र एकच शब्द अडकून बसला होता. नदीपूल. पुलाची शिळा दोन वर्षांपूर्वीची. एकशे चौदा अक्षरं, त्यांत तेवीस जोडाक्षरं. त्या वेळी बाबांचे हात इतके थरथरत होते की चहाचा कप ते टेबलावर ठेवूनच, तोंड खाली नेऊन प्यायचे. शिळा मधलीने कोरली होती. तीच कशाला, गेल्या अकरा वर्षांत या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक शिळा तिनेच कोरली होती. गिऱ्हाईक आलं की बाबा हातात हातोडी घेऊन ओट्याशी बसत आणि ती बादली घेऊन उभी राही. "मुलगी पाणी मारते," बाबा सांगत. धूळ बसावी म्हणून दगडावर पाणी मारतात, ते. गिऱ्हाईक गेलं की हातोडी तिच्या हातात, बादली बाबांच्या. एकदा तिने रागाने विचारलं होतं, "हे किती दिवस चालायचं?" तर म्हणाले, "नाव माझं, हात तुझा. चूक झाली तर कान दोघांचे."

"पत्र त्यालाच लिहिलंय ना?" काकांनी विचारलं. "मग तो ओळ पोचती कशी करणार? मेलाय की तो."

"सरकारी भाषा असते ती, काका. थोर माणसं मरत नसतात."

"मग आठ महिन्यांपूर्वी आपण कुणाला पोचवून आलो?"

"काका, बिस्किट घ्या."

काकांनी घेतलं. पण गप्प बसले नाहीत. "त्या शंभरांत आहेत तरी कोण कोण?"

दादाला यादी तोंडपाठ होती. निम्मी नावं पेपरात आली होती. पहिला तो शास्त्रज्ञ, ज्याचं नाव जगभर झालं.

"तो? तो दोन वर्षांचा असताना आईबाप त्याला घेऊन गेले इथून. या शहरात त्यानं शोध लावलाच असेल तर तो दुधाच्या बाटलीचा."

"मग ते गायक, शहराचा आवाज..."

"माझ्या मेव्हण्याच्या शेजारी राहायचे. त्या आवाजाबद्दल दोनदा पोलिसांत तक्रार झाली होती. शहर मोठं असलं की असंच रे. जन्माला येतो तेव्हा कुणी कुत्रं विचारत नाही, आणि मोठा झाला की सगळे 'आमचा, आमचा!'"

मधलीला हसू आलं. बाबांचंही थोर माणसांबद्दलचं मत साधारण याच अंगाने जायचं. ते लोकांना अक्षरांवरून ओळखत. "तो सर्जन ना? सात अक्षरं, एकही जोडाक्षर नाही. फार सज्जन माणूस," ते म्हणत. शास्त्रज्ञाच्या नावात तीन जोडाक्षरं होती. "त्याचं मोठेपण मला मनगटात कळतं," असं म्हणून बाबा मनगट चोळत.

"आपण ओळीवर या," दादा खिशातली वही उघडत म्हणाला. "मी एक तयार केलीय. 'अक्षरमहर्षी, समाजभूषण, थोर शिल्पकार.'"

"समाजभूषण?" आई म्हणाली. "समोरच्या घरातल्यांशी एकोणीस वर्षं बोलला नाही तो. का, तर त्यांनी पाटीवर रंग काढला, कोरली नाही."

"आई, भिंतीवर तसं लिहीत नाहीत."

"मग काय, खोटं लिहितात?"

"अहो, साधं लिहा ना," वहिनी म्हणाली. "'प्रेमळ पिता.'"

यावर दादाने आपल्या बायकोकडे असं पाहिलं की वहिनी हिरमुसली आणि आपली खुर्ची तिने इंचभर मधलीच्या बाजूला सरकवली. त्या दुपारी घरातला पहिला पक्ष फुटला तो असा.

धाकट्याने मोबाईल खाली ठेवला. "ओळीत कारखान्याचा पत्ता घालू. 'अमुक गल्लीतील सुप्रसिद्ध वास्तूचे मालक.' जागेला वजन येतं."

"तुला बापाच्या नावाखाली पत्ता घालायचाय? जाहिरात आहे का ती?"

"दादा, तू स्वतःचं नाव घालायला निघाला होतास. तुझ्या वहीत पाहिलंय मी. 'अध्यक्ष अमुक यांचे वडील.'"

"तो पहिला खर्डा होता!"

मग जे जुंपलं ते विचारू नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! भिंत अजून बांधायची होती आणि इथं तिच्यावरच्या ओळीसाठी दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या लहानपणीच्या चोऱ्या बाहेर काढत होते. काकांनी मध्येच 'अमुक यांचे बंधू' अशीही एक ओळ सुचवून पाहिली. मधली चहा टाकायला वर गेली, करून खाली आली, कप वाटले, तरी भांडण 'महर्षी' या शब्दाच्या पुढं सरकलं नव्हतं.

तिला या सगळ्याची गंमत वाटली असती. पण धाकट्याची बॅग खिडकीपाशी तशीच होती, आणि धाकटा भांडता भांडता तिच्याकडे नजर टाकत होता.

शेवटी तोच नरमला. एजंट माणूस, कुठं सोडायचं ते बरोबर कळतं. "दादा, तुझी ओळ राहू दे. महर्षी तर महर्षी. पण जागेचं आज उरकू. नाही तरी आता इथं काम कोण करणार?"

"विकायची? नामवंताची वास्तू? मी इथं स्मारक करणार आहे. विश्वस्त मंडळ, त्याचा एक..."

"अध्यक्ष. हो, माहितीये. ऐक तर. इथं आठ मजली इमारत होतेय. खाली लॉबीत आपण एक स्मृतिकोपरा मागून घेऊ. बाबांचा फोटो, हातोडी, छिन्नी काचेच्या पेटीत. उद्घाटन तुझ्या हातून. दिवा लागेल रोज, वॉचमन असेल."

दादाच्या चेहऱ्यावर लॉबी उजळली. मधलीला ती दिसली अगदी, संगमरवरी फरशी, फीत, कात्री आणि कात्री धरलेला दादा.

"कोपरा केवढा?" त्याने विचारलं.

झालं. दोघे भाऊ एक झाले. पाच मिनिटांपूर्वी जे एकमेकांना चोर म्हणत होते ते आता खांद्याला खांदा लावून आईसमोर उभे होते, आणि बॅगेतला कागद बाहेर आला होता.

"आणि मधली?" वहिनीने विचारलं. या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून सगळ्यांनी वहिनीकडेच पाहिलं.

"मधली आमच्याकडे येईल की," दादा उदारपणे म्हणाला. "सोसायटीत बायकांचे हस्तकलेचे वर्ग असतात. घेईल एखादा. साबणावर कोरतात हल्ली."

साबणावर! मधलीच्या हातातला ट्रे ओट्यावर आदळला. एक कप लवंडला आणि चहा चौकटीच्या दिशेने निघाला. दादाने झेप घालून चौकट उचलली.

"पुलाची शिळा मी कोरलीय," मधली म्हणाली.

"काय?"

"पुलाची शिळा. जी पाहून तुमची समिती प्रभावित झाली. मी कोरलीय. बाबा नव्हे. अकरा वर्षांचं सगळं मी कोरलंय."

धाकट्याने दादाकडे पाहिलं, दादाने छताकडे. "मधले," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू बाबांना खूप मदत केलीस. पाणी मारायचीस, आम्हाला माहितीये. ते कुणी नाकारत नाही. पण आता त्यांना मान मिळायच्या वेळी तू असं..."

"असं काय?"

"म्हणजे, बरं दिसत नाही गं ताई," धाकटा म्हणाला. "मेलेल्या माणसाचं श्रेय..."

मधलीला रडू कोसळलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. तिने आईकडे पाहिलं. आईला ठाऊक होतं. आईच्या समोर, या ओट्यावर, अकरा वर्षं. आईने एक शब्द बोलावा, बस्. पण आईने बाबांना कधीतरी वचन दिलेलं होतं की हात थरथरतात ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही, आणि आईच्या लेखी लग्न होऊन वेगळे राहिलेले मुलगेही घराबाहेरच मोडत. तिचं वचन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती कागदाकडे बघत होती. धाकट्याने पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बोटांत दिलं होतं.

"सही कुठं?" आईने विचारलं.

इतकी वर्षं बापाने नाव घेतलं नाही, ते तिनं गिळलं. पण आईनेही नाही? तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता हातोडी घ्यावी आणि ओट्याचे उरलेले तीन पाय मोडून टाकावेत.

"इथं, खाली," धाकटा म्हणाला.

"थांब." आईने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "आधी ते पत्र उलटं वाचून घ्या."

"आई, आता कशाला..."

"आपल्या घरात उलटं वाचल्याशिवाय काही पक्कं होत नाही. तुझा बाप थोर झालाय ना? मग त्याची रीत पाळ. मधले, वाच."

ही आजोबांपासूनची रीत. खडूने शिळेवर मजकूर लिहिला की छिन्नी लावायच्या आधी तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत उलटा वाचायचा, एकेका शब्दावर बोट ठेवून. सरळ वाचताना डोळा अर्थामागे धावतो आणि चुका ओलांडून जातो. उलटं वाचताना अर्थच नसतो, धावणार कुठं? "सरळ सगळेच वाचतात," बाबा म्हणायचे. "उलटं वाचून टिकेल ते दगडावर जाईल." चाळीस वर्षं हे वाचन आईचं होतं. एकदा एका महापौराच्या नावातला गेलेला काना तिनेच परत आणला होता. तो महापौर निवडणूक हरला, पण काना अजून जागेवर आहे.

मधलीने चौकट हातात घेतली. मनातून तिला काही नको होतं. पण हात सवयीने तळाच्या कोपऱ्याकडे गेला आणि बोट काचेवर टेकलं.

"मा," तिने वाचलं. "कृ."

"ते कसलं?" काका म्हणाले.

"अधिकाऱ्याची आद्याक्षरं आहेत ती," दादा म्हणाला. "कृ. मा. कोणीतरी. स्वतः साहेबांनी..."

"आडनाव नाही?"

"मोठ्या माणसांना लागत नाही."

मधलीचं बोट तिथंच थांबलं होतं. 'मा'च्या पुढं टिंब होतं, आणि टिंबाच्या पुढं चौकटीचा सोनेरी पुठ्ठा. आणि पुठ्ठ्याच्या कडेखालून अगदी केसाएवढी एक शिरोरेघ बाहेर डोकावत होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. पण शिरोरेघ म्हणजे मधलीची रोजीरोटी.

"दादा, इथं अजून एक अक्षर आहे. झाकलंय."

"मग असेल. आडनावाचं."

"'प' असेल." मधलीचा आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कृ. मा. प. कृपया मागे पहा."

काकांच्या तोंडातलं बिस्किट कुडकन मोडलं.

"तू मागे पाहिलं होतंस ना, दादा?" धाकट्याने विचारलं.

"मी... पत्र आलं त्याच दिवशी चौकटीला टाकलं. तीन आठवडे लागले त्या माणसाला. मागे कोण बघतं? अहो, सोनेरी पुठ्ठा मुद्दाम मागवला..."

मधलीने छिन्नी घेतली, चौकटीच्या मागचे चार बारीक खिळे उचकटले आणि पत्र बाहेर काढलं. मागच्या बाजूला पाच ओळी होत्या. त्या तिने सरळच वाचल्या, मोठ्याने.

"'ओळ शिळेवर कोरलेली असावी. मजकूर आपल्या पसंतीचा चालेल. पुलावरील शिळा ज्या हाताने कोरली, ती त्याच हाताची असावी, ही समितीची अट आहे. नमुना पसंत पडल्यास भिंतीवरील सर्व शंभर नामवंतांची नावे कोरण्याचे काम आपल्या कारखान्याकडे देण्यात येईल. मुदतीनंतर आलेल्या नमुन्याचा विचार होणार नाही.'"

"म्हणजे..." दादा खुर्चीत बसला. "बाबा भिंतीवर नाहीत?"

"भिंतीवर नाहीत," काका म्हणाले. "भिंतीच्या कामावर आहेत."

वहिनी फस्सकन हसली, आणि मग तिला थांबवता येईना. टॅक्सीत ठरलेला रुमाल तिने तोंडात कोंबला. दादाचा चेहरा मात्र असा पडला की मधलीलाही क्षणभर वाईट वाटलं. तीन आठवडे तो नामवंताचा मुलगा होता. सोसायटीत पेढे वाटून झाले होते. पार्किंग समितीने अभिनंदनाचा ठराव केला होता. आता तो ठराव कुठं पार्क करायचा?

सावरला तो धाकटाच. "ठीक आहे. म्हणजे प्रश्नच मिटला. अट काय, तर त्याच हाताची ओळ. तो हात तर गेला. उद्या सोमवार. विषय संपला. आई, सही."

आईने पेन खाली ठेवलं.

"तो हात कुठं जात नाही," ती म्हणाली. "मघापासून तुम्हाला चहा देतोय."

मग ती धाकट्याकडे वळली.

"तुझ्या बापाला कपसुद्धा उचलत नव्हता, धाकट्या. वरणभात मी भरवायचे. जोडाक्षरं काय कोरतोय तो? पुलाची शिळा हिची. शाळेची हिची. इस्पितळाच्या दारावरची हिची. तू ज्याच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतलास ना दादा, 'माझ्या वडिलांची कला' म्हणून, तो खांबसुद्धा हिचाच. त्याने माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी पाळला. आता पत्रातच विचारलंय, हात कोणाचा म्हणून. पालिकेशी खोटं बोलायचा शब्द मी त्याला दिला नव्हता."

"आई, तू हे आधी का नाही..." मधलीला पुढं बोलवेना. जे मघाशी आलं नव्हतं ते आता आलं, भुकटीने भरलेल्या गालांवरून, दोन ओघळ काढत.

"चुकलं माझं," आई म्हणाली. एवढंच. आईच्या तोंडून हे शब्द त्या घराने पहिल्यांदा ऐकले असावेत, कारण काकांनी दोन्ही कान पुढं केले. "ऊठ आता. रडून दगड कोरला जात नाही."

मधलीने बाहीला नाक पुसलं. भिंतीशी टेकलेली हातभर लांबीची काळी शिळा उचलली, पुसली आणि ओट्यावर आडवी टाकली. ओटा डुगडुगला.

"धाकट्या, तो कागद दे," आई म्हणाली.

धाकट्याचे डोळे चमकले. त्याने घाईघाईने कागद पुढं केला. आईने त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि मधलीच्या हातात दिली. मधलीने वाकून ती ओट्याच्या आखूड पायाखाली सरकवली आणि शिळेवर तळहात दाबून पाहिलं. हलली नाही. तेवढ्यापुरता कागद खरंच वजनदार निघाला.

"आई! स्टॅम्प पेपर आहे तो!"

"म्हणूनच. जाड आहे."

"पण ओळ कुठली?" दादा एकदम जागा झाला. "मजकूर आपल्या पसंतीचा चालेल, म्हटलंय. हे बघ मधले, 'अक्षरमहर्षी' हा शब्द तसा नमुन्याला चांगला आहे. क्ष आहे, र्षी आहे, कौशल्य दिसतं..."

"दादा," वहिनीच्या नवऱ्याला वहिनी कधी दादा म्हणत नसे, आज म्हणाली, "गप बसा."

मधलीने खडू घेतला. आधी वर एक सरळ रेघ ओढली, मग तिला शब्द टांगले. चार शब्द. वेळ लागला नाही. काय लिहायचं हे तिला गेली अकरा वर्षं पाठ होतं, फक्त तसा दगड कधी मिळाला नव्हता. जोडाक्षर एकही नव्हतं. बाबा असते तर म्हणाले असते, फार सज्जन ओळ.

लिहून झाल्यावर तिने पाठ फिरवली. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नसतं. आई स्टुलावरून उठली, गुडघ्यांवर हात ठेवत ओट्याशी आली आणि चष्मा नाकावर नीट बसवून शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"आहे," आईने वाचलं.

बोट मागे सरकलं.

"माझं."

मधली बादलीतल्या पाण्याकडे बघत होती. हातोडीच्या दांड्यावर तिची मूठ वळली होती.

"काम."

"हे."

आईने बोट उचललं. मग तेच बोट पुन्हा पहिल्या शब्दाकडून शेवटच्या शब्दाकडे नेलं, ओठांतल्या ओठांत, सरळ. चाळीस वर्षांत तिने असं दोनदा कधी वाचलं नव्हतं.

"उलटंही तेच निघतंय," ती म्हणाली. "धाकट्या, बादली घे. पाणी मार शिळेवर."